महार वतन : अट काढण्याआधी कब्जा विचारा

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ‘डिसीझिन’ म्हणजे जमिनीवरून हुसकावणे. त्याविरुद्ध दाद स्वतंत्र जमीनधारकाला मिळे, भूदासाला नाही. आमचा तसाच शब्द ‘महार वतन’ : राबायचे गावभर, मोबदला जमिनीचा तुकडा. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. जमीन परत देताना अट घातली : कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही.

आज ‘ही अट काढा, वर्ग-१ करा’ अशी मागणी होते. आम्ही विचारतो, जमीन कसतो कोण? कब्जा दुसऱ्याचा असेल, तर अट निघाल्यावर फायदा त्याचाच! कोपरगावच्या तरुणांनो, आधी आजोबांच्या नावचे जुने फेरफार काढा. जय भीम!