भुवया कोरण्याविषयी दोन शब्द

होळी हा मेळघाटातील कोरकू बांधवांचा सर्वांत मोठा सण. तो जवळ येताच सेमाडोहकडील आमच्या विद्यार्थिनींत भुवया कोरून घेण्याची लगबग सुरू होते. या गोष्टीस सरसकट बंदी असावी, असे काहींचे म्हणणे आहे. आम्हांस ते पटत नाही. नीटनेटके दिसावेसे वाटणे हा काही अपराध नव्हे. आमची हरकत अतिरेकास आहे.

भुवई ही केवळ शोभेची वस्तू नाही. कपाळावरून ओघळणारा घाम ती डोळ्यांत न जाऊ देता बाजूस वळविते. आणि होळी सरताच वऱ्हाडचा कडक उन्हाळा उभा ठाकतो! शिवाय केस वारंवार उपटल्यास त्यांतील काही पुन्हा उगवत नाहीत. १९३० च्या सुमारास हॉलिवुडच्या नट्यांनी रेषेसारख्या बारीक भुवयांची चाल पाडली. १९८० नंतर दाट भुवयांस मान आला. चाल पालटते, गेलेले केस मात्र तिच्यासवे परतत नाहीत.

म्हणून मुलींनो, भोवतालचे विखुरलेले केस हवे तर काढा, पण मूळ कमान राखा; दोरा नवा व हात धुतलेले असावेत. आणि जाड भुवयांवरून कोणा मैत्रिणीस हिणवू नका. पुष्कळ मुली हौसेपेक्षा त्या टोमण्यांच्या भयानेच भुवया कोरून घेतात, हे आम्ही पाहत आहोत.