कुलवृत्तान्तातले कोरे पान

घराण्याचा कुलवृत्तान्त छापून निघाला, की आपण तो मोठ्या हौसेने घेतो. मूळ पुरुष कोण, गाव कोणते, कुलदैवत कोणते, सारे त्यात सापडते. माझ्या कपाटातही त्याची जाडजूड प्रत आहे. मात्र कोण कशाने गेला, हे विचाराल तर ‘अल्पशा आजाराने’ एवढ्यावर सगळ्यांची बोळवण!

हे कोरे पान किती मोलाचे, ते नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन विदुषीच्या हकीकतीवरून मला उमगले. १९६८ साली त्यांच्या आईला हंटिंग्टनचा रोग असल्याचे निदान झाले. या रोगात हातपाय आपोआप हलू लागतात, बुद्धी ढळते. आणि बहुधा ऐन संसारात असताना तो डोके वर काढतो. आईबापांपैकी एकाला असला, की प्रत्येक मुलाला निम्मा धोका. आजोबांना आणि तिन्ही मामांना हाच रोग होता. पण तोवर मुलींजवळ कोणी चकार शब्द काढला नव्हता.

बाई रडत बसल्या नाहीत. १९७९ पासून त्या व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांतून हिंडल्या. तिथे हा रोग घरोघर. कोणाची आत्या, कोणाचा मामा, असे विचारीत विचारीत १८,००० वर माणसांची वंशावळ तयार झाली. ४,००० हून अधिक लोकांनी रक्त दिले. एकाच घरातल्या आजारी आणि धडधाकट माणसांचे रक्त ताडून पाहिले, तेव्हा रोगाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारी खूण सापडली. १९८३ साली रोगाचे ठिकाण चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले, १९९३ साली ते जनुक हाती लागले. नुसत्या रक्ताने हे झाले नसते. नाती ठाऊक होती म्हणून झाले. रोग बरा करणारे औषध अजून नाही, पण शोधाला दिशा मिळाली. आपल्यालाही तोच रोग असल्याचे बाईंनी २०२० साली उघडपणे सांगितले.

मधुमेह, हृदयविकार यांचे गणित इतके सरळ नाही. तिथे अनेक जनुके, शिवाय खाणेपिणे आणि राहणी. तरीही वडिलांना पन्नाशीच्या आत झटका आला होता, हे डॉक्टरांना कळले तर ते मुलाकडे वेळीच लक्ष देतील.

“अहो, पण मुलींची लग्ने व्हायची आहेत!” असे कोणी म्हणेल. भीती खोटी नाही. म्हणून हे पान छापू नये, चारचौघांत वाचू नये. पण घरच्या माणसांपासून तरी लपवू नये. आणि आजोळ विसरू नये. कुलवृत्तान्त बापाच्या आडनावाने चालतो, रक्त मात्र आईचेही असते.

भाऊबीजेला आत्या, मामा, मावशी जमतीलच. फराळ झाला की वही काढा: कोणाला काय झाले, कितव्या वर्षी. म्हातारी माणसे आहेत तोवरच हे विचारता येते.