श्रीमंतांची कीर्ती आणि रयतेचे दप्तर

नीरा आणि भीमा यांचा संगम जेथे होतो, त्या इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकावरील नरसिंहपूर क्षेत्री लक्ष्मी-नृसिंहाच्या दर्शनास येणारा यात्रेकरू, संगमावर स्नान करून ओलेत्याने घाटाच्या दगडी पायऱ्या चढू लागला म्हणजे, प्रल्हादाने घडविल्याचे मानल्या जाणाऱ्या वालुकामय मूर्तीच्या कथेबरोबरच, हे देवालय विंचूरकरांनी उभारले हेही त्याच्या कानी पडते. विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे पेशवाईतील मातबर सरदार; १७६१ च्या पानिपतावर ते स्वतः होते; आणि पुढे लोकमान्य टिळकांनी १८९४ मध्ये ज्या वाड्यात सार्वजनिक गणपती बसविला, तो पुण्याचा वाडाही याच घराण्याचा. कुळाची कीर्ती अडीचशे वर्षे टिकावी, असे भाग्य फार थोड्या धनिकांना लाभते.

परंतु या देवालयासाठी द्रव्य कोठून आले, हा प्रश्न आपण विचारीत नाही, आणि तो विचारला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. विंचूरकरांसारखा सरंजामदार हा जमिनीचा धनी नव्हे. फौज बाळगावी म्हणून नेमून दिलेल्या गावांच्या वसुलावर त्याचा अधिकार असे, आणि तो वसूल पाटील-कुलकर्ण्यांच्या हातून, खळ्यावरच्या राशीतून, ज्याचे नाव कोठल्याही शिलालेखात नाही अशा कुणब्याकडून येई. विंचूरकरांनी तो पैसा विलासात न उधळता नदीकाठी असा उभा केला की पिढ्यान्‌पिढ्या लोकांना त्याचा उपयोग व्हावा, याचे श्रेय त्यांना निःसंशय आहे. मात्र त्या श्रेयात रयतेचा वाटा आहे, आणि तो आजवर कोणी तिच्या पदरात घातलेला नाही.

बारामतीचे बाबूजी नाईक यांचे उदाहरण याहून बोलके. हे मोठे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांस थोरल्या बाजीरावांची भगिनी भिऊबाई दिलेली. खुद्द पेशवे त्यांचे ऋणको. बाजीरावांच्या निधनानंतर १७४० मध्ये पेशवेपद आपणांस मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली, पण शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांस दिली. एवढा पैसा आणि एवढी महत्त्वाकांक्षा असूनही बारामतीकर त्यांचे नाव आज मुख्यतः घेतात ते कऱ्हेकाठी त्यांच्या आश्रयास राहून मोरोपंतांनी काव्यरचना केली म्हणून. नाईकांच्या येणे रकमांची मोजदाद आता कोण करतो?

इंग्रजी अमलात मालमत्तेचे स्वरूपच पालटले. दख्खनमधील नव्या पद्धतीची जमीनमोजणी व धारेबंदी प्रथम १८३६ मध्ये याच इंदापूर तालुक्यात झाली; खातेदाराच्या नावे जमीन चढली आणि त्याबरोबरच ती गहाण पडण्यास व लिलावात जाण्यासही मोकळी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव पुढे कोसळला, तीस वर्षांची मुदत संपताच सारा जबर वाढला, आणि कुळांची खाती सावकाराच्या वहीत फुगत गेली. अखेर १२ मे १८७५ रोजी, भर बाजारच्या दिवशी, सुपे येथे रयत सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामतीत आहे. या दंग्याचे वैशिष्ट्य असे की, पुणे व नगर जिल्ह्यांत तो पसरत गेला तेव्हाही लोकांची मुख्य मागणी एकच होती : खते, वह्या, दस्तऐवज बाहेर काढा. कागद हाती आले की ते जाळायचे. जीव घेण्याकडे लोकांचा रोख नव्हता. ज्याला धड सही करता येत नव्हती, अंगठा उठवून जो सर्वस्व गमावून बसला होता, त्याला आपला वैरी कोण हे नेमके कळले होते. सरकारला चौकशी मंडळ नेमावे लागले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. त्या सावकारांचे नाव आज कोणी घेत नाही; उरली ती केवळ त्यांच्या वह्यांची राख.

पुढे वालचंद हिराचंदांनी इंदापुरातच साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसविले, आणि १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने तेथील मोठ्या शेतीचा प्रश्नही निराळ्या वळणावर गेला. तो विषय स्वतंत्र आहे.

आज इंदापूर व बारामती या दोन तालुक्यांत नवे धनिक उदयास आले आहेत. देवळांच्या जीर्णोद्धाराच्या फलकांवर त्यांची नावे ठळक अक्षरांत झळकतात. दानाला माझा विरोध नाही. पण ज्याने दान दिले त्याने ते कसे मिळविले, कोणाची जमीन कोणत्या भावाने घेतली, मजुराचा रोज वेळेवर दिला की नाही, हे पाहिल्यावाचून कोणासही सद्‌गृहस्थ म्हणू नये. विंचूरकर असोत वा कालचा ठेकेदार, कसोटी एकच. आणि ही कसोटी लावायची तर पुरावा हवा. इंदापूर-बारामतीच्या जुन्या वाड्यांतून, कुलकर्ण्यांच्या माळ्यावरून, मोडी लिपीतील खतावण्या, गहाणखते आणि वसुलाच्या याद्या रद्दीच्या भावाने जात आहेत. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते विकू नयेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या स्वाधीन करावेत, आणि येथील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना मोडी शिकवावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.