घरचे लिंबू, घरचे दूध आणि विकतची बाटली



गेल्या उन्हाळ्यात एका घरी पहिल्या कम्युनियनच्या मेजवानीस जाण्याचा योग आला. मिस्सा आटोपून आम्ही पाहुणे मंडळी मांडवात येऊन बसलो. ऊन मी म्हणत होते. मांडवाच्या कोपऱ्यात रंगीत पेयांच्या बाटल्यांचे क्रेट रचून ठेवले होते. लहान मुलांनी दोन-दोन, तीन-तीन बाटल्या रिकाम्या केल्या आणि मग जेवणाच्या पानावर कोणी धड बसेना. मी हात धुण्यास परसात गेलो, तर तेथे कागदी लिंबाचे झाड फळांनी लगडलेले. खाली आठ-दहा पिवळी लिंबे मातीत पडून सुकत होती. पलीकडे गोठ्यात दोन दुभत्या म्हशी. सकाळचे सारे दूध डेअरीत गेले होते आणि पाहुण्यांच्या चहासाठी दुकानातून दुधाच्या पिशव्या आणल्या होत्या.

यजमान चांगला कष्टाळू माणूस. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच चालते. परंतु ज्या घरी लिंबू आहे आणि दूध आहे, त्या घराने पाहुण्यापुढे विकतची गोड बाटली ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिंबू-संत्र्याचे साईदार थंड पेय घरी करता येते, ते चवीला बाटलीपेक्षा सरस लागते, आणि त्यात काय घातले आहे ते आपल्याला ठाऊक असते.

बाटलीत काय असते?

250 मिलिलिटरच्या गोड कोला पेयात साधारण 25 ते 27 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमच्यांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सल्ला दिला, की वरून घातलेली साखर, मध व फळांच्या रसातील साखर मिळून मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला 50 ग्रॅमपेक्षा कमी जावी. 25 ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा कोटा संपतो. वर चहा, केक, गोडधोड आहेच. मधुमेह हा शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा रोग, असे आपण पूर्वी म्हणत होतो. आज आपल्या वाड्यावाड्यांतून साखरेच्या गोळ्या घेणारी माणसे आहेत. मुलांचे दात किडतात ते वेगळेच. आणि एवढे पैसे मोजून त्या बाटलीतून साखर व पाण्याखेरीज अंगी लागेल असे काही मिळत नाही. संत्र्याचे चित्र असलेल्या बाटलीवर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, तेही एकदा वाचून पाहावे.

दूध आणि आंबट एकत्र चालते काय?

मी हा विषय काढला की पहिला आक्षेप येतो तो हाच. "दुधात लिंबू? दूध नासेल, अंगावर कोड उठेल!" आक्षेप जुना आहे व त्याची टर उडवू नये. आयुर्वेदात दूध व आंबट फळे एकत्र घेणे विरुद्ध आहार मानला आहे. ज्यांचा त्यावर विश्वास आहे त्यांनी पुढे दिलेली दह्याची कृती करावी. मात्र कोड खाण्याच्या मिश्रणाने उठत नाही. शरीराची संरक्षक शक्ती चुकून स्वतःच्याच त्वचेतील रंगपेशींचा नाश करते, त्यामुळे ते होते. आणि दूध नासण्याचे म्हणाल, तर आपण प्यालेले प्रत्येक घोटभर दूध जठरातील आम्लाने फाटतेच. तेथूनच त्याचे पचन सुरू होते.

इतर ठिकाणी लोक काय करतात तेही पाहावे. उत्तरेकडे शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत. पण आपल्या इंदूरच्या मराठी बांधवांना विचारा, तेथे शिकंजी म्हणजे आटीव दुधात आंबट मठ्ठा घालून केलेले दाट, सुकामेवा घातलेले पेय. दूर वेस्ट इंडीज बेटांवर डोमिनिकन प्रजासत्ताक नावाचा, ऊस व गुरे असलेला देश आहे. तेथे घरोघरी संत्र्याचा रस, दूध, साखर व बर्फ यांचे पेय करतात. त्याला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ 'स्वप्न पाहता पाहता मरणे' असा होतो! ते लोक पिढ्यान्‌पिढ्या हे पीत आले आहेत.

दूध का नासते?

माझा पहिला प्रयोग पूर्ण फसला हे कबूल करतो. मी कोमट दुधात लिंबू पिळले आणि पातेल्यात पांढऱ्या गाठी व हिरवट पाणी वेगळे झाले. घरच्या मंडळींनी त्याची भाजी केली आणि मला बरेच दिवस चिडवले.

पुढे कारण समजले. दुधातील केसीन नावाचे प्रथिन दुधाचा आंबटपणा एका ठरावीक मर्यादेपर्यंत वाढला की एकत्र येऊन गाठी धरते. दूध गरम असेल तर हे क्षणात घडते, अगदी थंड असेल तर हळू घडते. लिंबाचा रस फार आंबट, संत्र्याचा त्या मानाने सौम्य. म्हणून दुधाशी संत्रे किंवा मोसंबी जमते, लिंबू जमत नाही. दही मात्र आधीच आंबट होऊन लागलेले असते, त्यात लिंबू पिळल्याने नव्याने काही फाटत नाही. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे हात चुकत नाही.

कृती पहिली: संत्र्याचे दूध (4 माणसांसाठी)

अर्धा लिटर दूध उकळून निववावे व फ्रीजमध्ये अगदी गार करावे. त्यात 4 सपाट चमचे साखर विरघळवून एक मोठा चमचा साय घोटून घालावी. दोन-तीन संत्र्यांचा पाव लिटर रस काढून, बिया व चोथा गाळून, तोही गार करावा. मग रवीने दूध घुसळत घुसळत त्यात रसाची बारीक धार सोडावी. रसात दूध ओतू नये; तसे केल्यास पहिले दूध एकदम आंबटात पडून गाठी धरते. वेलदोड्याची चिमूटभर पूड पुरे. करताच प्यावे. ठेवून दिल्यास ते फाटते, आणि संत्रा-मोसंबीचा काढून ठेवलेला रस कडूही होत जातो.

कृती दुसरी: लिंबाचे साईदार दही (4 माणसांसाठी)

ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांनी हीच करावी. दोन वाट्या ताजे, गोड, सायीसकट दही फडक्यात बांधून तासभर टांगावे. मग त्यात 6 सपाट चमचे साखर व चिमूटभर मीठ घालून रवीने एकजीव करावे. एक वाटी उकळून गार केलेले, माठातले पाणी घालावे. शेवटी दोन लिंबांचा गाळलेला रस. लिंबाची वरची हिरवी साल किंचित किसून घातल्यास सुंदर वास येतो; आतला पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडू असतो. भांडे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत, वाऱ्यावर ठेवावे.

पहिल्या कृतीत प्रत्येक पेल्यामागे वरची साखर सुमारे 5 ग्रॅम आणि रसातली जवळपास तेवढीच. दुसरीत साडेसात ग्रॅमच्या आसपास. बाटलीतल्या साखरेच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. शिवाय दुधातील प्रथिने व कॅल्शियम आणि फळातले 'क' जीवनसत्त्व मिळते ते निराळे. हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, म्हणून रस कधीही तापवू नये.

सांभाळण्याच्या गोष्टी

एक, दूध उकळलेलेच हवे. आपल्या गोठ्यातले, डोळ्यांसमोर काढलेले असले तरी कच्च्या दुधातून क्षय व सांसर्गिक गर्भपातासारखे गुरांचे रोग माणसाला होऊ शकतात.

दोन, बाजारातला लादीचा बर्फ पेयात टाकू नये. तो बहुधा मासे व सामान गार ठेवण्यासाठी केलेला असतो. कावीळ आणि विषमज्वर अशाच पाण्यातून येतात. बर्फ हवाच असेल तर उकळलेल्या पाण्याचा, घरी केलेला.

तीन, आंबट पेय तांब्याच्या अथवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात करू नये, अ‍ॅल्युमिनियमही नको. स्टील किंवा काच वापरावी.

चार, हे पेय औषध नव्हे आणि रोजचा आहारही नव्हे. मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, साखर वगळून घ्यावे. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी आग्रहाला बळी पडू नये. एक वर्षाखालील बाळाला हे पाजू नये. जुलाब होत असता हे देऊ नये. तेव्हा क्षार-साखरेचे जलसंजीवनी पाणीच द्यावे. आणि अंगात रक्त कमी असलेल्या भगिनींनी लिंबू जेवणात, उसळीवर व पालेभाजीवर पिळून खावे. त्याने अन्नातले लोह अंगी लागते. दुधाबरोबर तो फायदा तितका होत नाही.

परसात एक झाड

काही जण म्हणतील, आमच्याकडे लिंबाचे झाडच नाही. तर यंदाच्या पावसाळ्यात एक लावा. कागदी लिंबू बियांपासूनही बहुतेक मूळ झाडासारखेच येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेली 'साई शरबती' जात चांगली रसाळ आहे. आपल्या अतिपावसाच्या भागात मुख्य काळजी पाणी निचरण्याची. झाड थोड्या उंचवट्यावर लावावे आणि दुहेरी आळे करावे, म्हणजे बुंध्याभोवती मातीची भर व त्याबाहेर पाण्याचे आळे. बुंध्याला पाणी लागून राहिले की डिंक्या रोग धरतो. पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डो मलम लावावे. पाने-फळांवर खरबरीत डाग पाडणारा खैऱ्या दिसल्यास रोगट फांद्या कापून जाळाव्यात. कोवळी पाने खाणारी अळी एखाद्या झाडावर हातानेच वेचता येते.

प्रतिष्ठेचा प्रश्न

राहिला शेवटचा आक्षेप, जो कोणी तोंडाने बोलत नाही. घरचे पेय दिले तर लोक काय म्हणतील? मला वाटते, खरी अडचण हीच आहे. बाटली म्हणजे पुढारलेपण आणि घरचे म्हणजे गरिबी, असे कोठेतरी आपल्या मनाने घेतले आहे. आपणच पिकवतो आणि आपणच त्याला कमी लेखतो. मग व्यापाऱ्याने पावसाळ्यात आपल्या लिंबांना मातीमोल भाव दिला तर त्याच्यावर रागावण्याचा आपल्याला काय अधिकार?

दूध डेअरीत घालू नका असे मी म्हणत नाही. त्यावर मुलांची फी आणि पेंडीचा खर्च भागतो, हे मला ठाऊक आहे. पण सणासमारंभाच्या दिवशी दोन तांबे दूध घरात ठेवा, आदल्या रात्री दही लावा, झाडाची लिंबे मुलांकडून वेचून घ्या. शेकडो पाहुण्यांचे लग्न असेल तेथे हे जमवणे कठीण, तेही मान्य. तेव्हा साधे लिंबू-पाणी किंवा ताक ठेवा. बाप्तिस्मा, कम्युनियन, फेस्ताचे जेवण, घरी आलेले सोयरे यांच्यापुरते हे सहज जमते. शेजारच्या दोन भगिनी मदतीस आल्या तर चाळीस पेले तासाभरात होतात.

येत्या फेस्ताला एका घराने सुरुवात करावी. पाहुण्याने पेला रिकामा करून "आणखी आहे काय?" असे विचारले, की लोक काय म्हणतील याची भीती आपोआप जाईल.