प्रादेशिक म्हणजे नेमका कोणाचा प्रदेश?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि भर दुपारी कुलरसमोर बसून वाचण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही. पिपरी मेघेतील आम्ही काही मराठीच्या प्राध्यापकांनी यंदाच्या सुटीत उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०), सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) आणि वामन चोरघडे यांच्या कथा पुन्हा वाचल्या. जोडीला भाऊ पाध्ये यांचा ‘वासूनाका’ (१९६५). वाचनाअंती आमचे मत असे झाले की, ‘प्रादेशिक कादंबरी’ ही संज्ञा अभ्यासक्रमातून काढून टाकावी.

‘धग’चे काय होते ते पाहा. शेळके जन्माने हिंगणघाटचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. त्यांची कौतिक निष्क्रिय नवऱ्याचा संसार एकहाती ओढते. पुढे नवऱ्याला महारोग होतो. या रोगाने माणूस गावाबाहेर कसा फेकला जाई, हे वर्धेकरांना सांगावे लागत नाही. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला काम सुरू केले ते अशांसाठीच. परंतु उत्तरपत्रिकेत उरते काय? ‘वऱ्हाडी बोलीचा प्रभावी वापर’ आणि ‘ग्रामजीवनाचे दर्शन’. कौतिक नाहीशी होते.

आता ‘वासूनाका’ घ्या. मुंबईतल्या एका नाक्यावरच्या टोळक्याची ती बोली. पुणेकराला वऱ्हाडी जितकी अनोळखी, तितकीच आमच्या विद्यार्थ्याला ही. तरी तिला ‘महानगरीय’ असे भारदस्त नाव मिळते. उलट चोरघडे नरखेडचे. पण त्यांचे गद्य प्रमाण मराठीतले, काव्याकडे झुकणारे, म्हणून ते ‘प्रादेशिक’ ठरत नाहीत. याचा अर्थ, ही संज्ञा भूगोलाची नव्हेच. प्रमाण भाषेपासून कोण किती दूर उभा आहे, हे मोजण्याची ती पट्टी आहे आणि पट्टीचा शून्य अंश पुण्या-मुंबईत आहे.

या संज्ञेमुळेच ग्रामीण लेखकांना अभ्यासक्रमात जागा मिळाली, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. पण ती जागा ओसरीवरची आहे, माजघरातली नव्हे.

दोष एकट्या पुण्या-मुंबईचा मानणेही सोयीचे होईल. विदर्भातल्या चर्चासत्रांतून हेच लेबल पदकासारखे मिरवले जाते. ‘आमची बोली, आमची माती’ म्हटले की कादंबरीची चिकित्सा करण्याचे श्रम वाचतात. ‘बारोमास’ला २००४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी तिच्याकडे शेतकरी आत्महत्यांचा दस्तऐवज म्हणूनच पाहणारे पुष्कळ आहेत. एकनाथ एम. ए., बी. एड. होऊनही नोकरीवाचून आहे. अलकाशी त्याचा संसार उसवत जातो. शिक्षणाने त्याला धड शेतीत राहू दिले नाही, धड बाहेर काढले नाही. हा एकनाथ आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला असतो.

त्याच्या घरची भाषा ही ‘बोली’ आणि त्याचे गाव हा ‘प्रदेश’, असे आपण त्याला तीन वर्षे शिकवतो. मग साहित्य दुसरीकडे कुठेतरी घडते, असे त्याने मानले तर नवल कसले?

तेव्हा अभ्यास मंडळांनी निदान एवढे करावे : ‘ “धग”मधील बोलीचे विशेष लिहा’ हा प्रश्न रद्द करून, ‘कौतिकच्या हरण्याला जबाबदार कोण?’ असे विचारावे. त्याचे उत्तर गाईडात सापडणार नाही. त्यासाठी कादंबरी वाचावी लागेल.