निवृत्तीनंतरचा सीझर

आमच्या खटकचिंचोळीच्या शिवारात कारहुणवीला, कामातून सुटलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांनाही हिंगूळ लागतो. राबून थकलेल्या जिवाचा मान राखावा, ही कुणब्याची रीत. सरकारी चाकरीतील मुक्या जिवांच्या वाट्याला ती येते काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील सीझर या लॅब्रेडॉर कुत्र्याचे उत्तरायुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. स्फोटकाचा वास लागताच भुंकावयाचे नाही, पंजाने उकरावयाचे नाही, निश्चल बसून राहावयाचे, ही या कुत्र्यांची विद्या. (अशी स्थिरता आमच्या सातवीच्या वर्गास साधती तर!) नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मागे ठेवलेले हातबॉम्ब सीझरने हुडकून काढले.

१९९३ च्या स्फोटमालिकेनंतर नावारूपास आलेला जंजीर २००० साली कर्करोगाने गेला. त्यास निवृत्तीचा विसावा असा लाभलाच नाही. सीझरला तो लाभला. मॅक्स, सुलतान व टायगर या जोडीदारांसह त्यास विरारच्या एका शेतावर आश्रय मिळाला. चौघांची ताटातूट झाली नाही, याचे मोल आम्हांस मानवंदनेहून अधिक वाटते. २०१६ साली प्रथम मॅक्स गेला, मागोमाग सुलतान, मग टायगर. टायगरच्या पश्चात सीझर खिन्न राहू लागला, असे त्यास सांभाळणारी मंडळी सांगत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, त्याच शेतावर, तोही गेला.