शीण शरीराचा की संसाराचा?

आपल्या मंडळींत ‘अशक्तपणा’ हा शब्द फार व्यापक अर्थाने वापरला जातो. हातपाय गळणे, झोपून उठल्यावरही अंग जड वाटणे, कशातच लक्ष न लागणे, हे सारे त्यात सामावते. मग टॉनिकच्या बाटल्या मागविल्या जातात. गावी गेल्यावर सलाईन लावून घेतले जाते. इथल्या डॉक्टरांनी ‘तपासण्या चांगल्या आहेत, ताण कमी करा’ असे सांगितले, की आपणांस ढोंगी ठरविले असे वाटून माणूस दुखावतो.

ही भावना निराधार नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील सुमारे तीनशे कर्मचारी एका विचित्र, दीर्घ थकवा आणणाऱ्या विकाराने आजारी पडले. १९७० मध्ये दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी चाळून तो चक्क उन्माद ठरविला! त्या प्रकारच्या आजारात श्रमानंतर प्रकृती ढासळते. म्हणूनच ठरावीक क्रमाने व्यायाम वाढवीत नेण्याचा उपचार देऊ नये, असे ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये सांगितले. अशा रुग्णास ‘मनावर घे’ म्हणणे आम्ही निर्दयपणाच मानतो.

परंतु प्रत्येक थकवा तो नव्हे. गोव्यातील सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरांत बाराजणी दीर्घकाळ थकलेल्या आढळल्या. रक्तक्षयाशी त्या थकव्याचा संबंध दिसला नाही. दारिद्र्य, नवऱ्याचे अत्याचार आणि मनःस्वास्थ्याची हानी यांच्याशी मात्र दिसला. मानसिक म्हणजे काल्पनिक नव्हे, ते हेच. आडनाव विचारताच सावध होणारा आपला माणूस कचेरीत दिवसभर स्वतःवर पहारा ठेवून असतो. तो संध्याकाळी गळून का पडू नये?

प्रथम रक्त, थायरॉइड, मधुमेह व बी-१२ यांची तपासणी व्हावीच. त्यानंतरही शीण उरला, तर इंग्लंडमध्ये शासकीय आरोग्यसेवेच्या संवादोपचारासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून स्वतः नाव नोंदविता येते. नैराश्यावरील गोळ्या कित्येकांना उपयोगी पडतात, मात्र त्या परस्पर बंद करू नयेत. मार खाणाऱ्या स्त्रीला नुसत्या गोळ्या देऊन भागणार नाही, हे सांगावयास तज्ज्ञ कशाला हवा?

आणखी एक. दुभाषा विनामूल्य मागता येतो, तो मागावाच. नवऱ्याला वा शाळकरी मुलाला त्या कामी नेऊ नये. जिच्या शिणाचे कारण घरातच आहे, ती घरच्याच माणसाच्या तोंडून काय सांगणार?